जनुकीय भाकितालाही औषधाची कसोटी लावा

‘तुमचा हृदयविकाराचा धोका सरासरीच्या दुप्पट आहे.’ लाळेचा नमुना पाठवल्यावर काही आठवड्यांनी येणाऱ्या जनुकीय अहवालात असे एखादे वाक्य असते आणि वाचणाऱ्याच्या मनात ते त्या दिवसापासून घर करते. दुप्पट म्हणजे नेमके किती, हे त्या वाक्यात नसते. शंभरात एकाला होणारा आजार दुप्पट झाला तर तो शंभरात दोघांना होतो. शंभरात वीस जणांना होणारा आजार दुप्पट झाला तर चाळीस जणांना होतो. पहिल्या माणसाने फारशी काळजी करण्याचे कारण नाही, दुसऱ्याने मात्र लवकर डॉक्टरांकडे जायला हवे. आणि दोघांच्या हातात पडलेले वाक्य अगदी सारखे आहे.

जनुके आणि संख्याशास्त्र यांच्या आधारे आजाराची जोखीम वर्तवण्याचे शास्त्र गेल्या वीस वर्षांत खरोखरच खूप पुढे गेले आहे. त्याला विरोध करण्यासाठी मी लिहीत नाही. मला सांगायचे आहे ते एवढेच, की असा आकडा हातात आल्यावर माणूस काही ना काही करतो. कुणी गोळ्या सुरू करतो, कुणी तपासण्यांच्या मागे लागतो, कुणी मूल होऊ द्यायचे की नाही याचा फेरविचार करतो, तर कुणी ‘चला, आपल्याला धोका नाही’ असे म्हणून छातीतल्या दुखण्याकडे काणाडोळा करतो. शरीरावर आणि आयुष्यावर असा परिणाम घडवणाऱ्या औषधाला बाजारात येण्याआधी आपण विचारतो: याने कुणाचे भले झाले याचा पुरावा काय, अपाय किती, आणि हे कोणत्या लोकांवर तपासले? भाकितालाही हेच विचारले पाहिजे. आज बहुतेक ठिकाणी ते विचारले जात नाही, आणि त्याची किंमत आजारी पडणारी माणसे मोजतात.

सगळी जनुकीय भाकिते एका पठडीतली नसतात. हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक रोगात चौथ्या गुणसूत्रावरच्या एकाच जनुकात सी-ए-जी ही डीएनएची तीन अक्षरे लागोपाठ अनेकदा येतात. ती ४० किंवा त्याहून जास्त वेळा आली असतील, तर सामान्य आयुर्मान लाभलेल्या माणसाला हा रोग होतोच. ३६ ते ३९ वेळा आली असतील तर काहींना होतो, काहींना होत नाही. हे जनुक १९९३ मध्ये सापडले. बीआरसीए-१ या जनुकात घातक बदल असलेल्या स्त्रीला वयाच्या ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता साधारण ७० टक्के असते. अशा ठिकाणी आकडा मोठा आणि भक्कम असतो. तिथला अवघड भाग तो सोसण्याचा आणि त्यावर निर्णय घेण्याचा आहे.

पण बहुसंख्य लोकांना गाठणारे आजार असे एका जनुकाच्या तालावर चालत नाहीत. मधुमेह, हृदयविकार, उच्च रक्तदाब, संधिवात, बहुतेक कर्करोग यांच्यामागे हजारो जनुकीय फरक असतात आणि प्रत्येकाचा वाटा नगण्य असतो. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९१८ मध्येच गणिताने दाखवून दिले होते, की मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या नियमाने चालणारे पुष्कळ लहान घटक एकत्र आले तर उंचीसारखा सलग बदलत जाणारा गुण तयार होतो. ते घटक प्रत्यक्षात कोणते, हे शोधायला मात्र जवळपास शतक गेले. २००७ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात सात आजारांचे मिळून १४ हजार रुग्ण आणि ३ हजार इतर लोक यांच्या जनुकांची तुलना झाली आणि तेव्हापासून या कामाने वेग घेतला.

पद्धत समजायला कठीण नाही. डीएनएमध्ये लाखो ठिकाणी माणसामाणसांत एका अक्षराचा फरक असतो. प्रत्येक ठिकाणी कोणते अक्षर रुग्णांमध्ये किंचित जास्त आढळते ते मोजायचे, त्या प्रमाणात त्याला वजन द्यायचे, आणि एखाद्या व्यक्तीकडे असलेल्या सगळ्या अक्षरांची वजने मिळवायची. जी बेरीज येते तो बहुजनुकीय गुणांक. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हृदयधमनीविकाराच्या एका गुणांकात सुमारे ६६ लाख ठिकाणांचा हिशेब होता. बेरीज संगणक करतो, खरी कसरत वजने ठरवण्यात आहे. शेजारशेजारची अक्षरे पिढ्यान्‌पिढ्या जोडीने वारशात येतात. त्यामुळे रोगाशी खरा संबंध कुणाचा आणि नुसता शेजारी कोण, हे आकड्यांवरून सहज कळत नाही. गुणांक चालतो तो बऱ्याचदा या शेजाऱ्यांच्या भरवशावर. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढे तिच्यातूनच एक मोठा अन्याय जन्माला येतो.

२०१८ च्या त्या अभ्यासाने एक लक्षवेधी गोष्ट दाखवली. युरोपीय वंशाच्या लोकांपैकी ८ टक्के लोकांना केवळ या गुणांकामुळे हृदयधमनीविकाराचा धोका तिप्पट किंवा त्याहून जास्त होता. एका जनुकातल्या दुर्मिळ बिघाडामुळे जेवढा धोका वाढतो, तेवढा धोका कितीतरी जास्त लोकांमध्ये लपलेला आहे, असा याचा अर्थ लावला गेला. बातमी मोठी होती आणि खोटीही नव्हती. मात्र २०२३ मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी ३१० आजारांसाठी बनवलेले ९२६ गुणांक एकत्र तपासले. पाच टक्के निरोगी लोकांना चुकून धोकादायक ठरवण्याची मुभा दिली, तर पुढे खरोखर आजारी पडणाऱ्यांपैकी किती जण गुणांक हेरतो, हे त्यांनी पाहिले. मध्यक उत्तर, म्हणजे सगळी उत्तरे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे, आले ११ टक्के.

हा आकडा साध्या हिशेबात उतरवून पाहू. हजार लोक घ्या आणि त्यांतल्या पन्नास जणांना पुढे एखादा आजार होणार आहे असे समजा. गुणांक त्या पन्नासांतले पाच-सहा जण हेरेल. उरलेल्या साडेनऊशे निरोगी लोकांपैकी सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस जणांनाही तो धोक्याच्या यादीत टाकेल. म्हणजे यादीत साधारण त्रेपन्न नावे, आणि त्यांतल्या दर दहांत एकाला आजार होणार. एकूण लोकांत हे प्रमाण वीसांत एक होते. यादीतल्या माणसाला ‘तुमचा धोका सरासरीच्या दुप्पट’ असे सांगितले तर ते शब्दशः खरे आहे. तरीही आजारी पडणाऱ्या पन्नासांपैकी चव्वेचाळीस-पंचेचाळीस जण यादीच्या बाहेर राहिले आणि त्यांना ‘धोका जास्त नाही’ असा निरोप मिळाला.

मला जास्त चिंता या दुसऱ्या गटाची वाटते. खोट्या भीतीबद्दल पुष्कळ लिहिले जाते, खोट्या दिलाशाबद्दल फार कमी. जो घाबरतो तो निदान डॉक्टरांकडे जातो. ज्याला दिलासा मिळाला तो तपासणी पुढे ढकलतो, आणि त्याचे काय झाले हे भाकीत विकणाऱ्याला कधी कळतही नाही.

गुणांकाचे समर्थक म्हणतात की तो एकटा वापरायचाच नसतो. वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, घरातला आजार यांच्या जोडीला तो वापरायचा. हे म्हणणे रास्त आहे. गुणांकाचे एक बलस्थानही मान्य केले पाहिजे: जनुके जन्मापासून तीच असतात. तिशीतल्या माणसाचे कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब काही सांगत नसतील, तेव्हाही गुणांक काही सांगू शकतो. पण जोडीने वापरल्यावर आधीच्या अंदाजात नेमकी किती भर पडते, हे प्रत्येक आजारासाठी वेगळे मोजावे लागते. ही भर पुष्कळदा लहान निघते. लहान भरसुद्धा उपयोगाची असू शकते, फक्त ती मोजून सिद्ध झालेली हवी.

भाकीत चांगले की वाईट, हे ठरवण्याची एक सरळ रीत आहे. हवामान खाते ‘पावसाची शक्यता ३० टक्के’ असे ज्या ज्या दिवशी म्हणते, त्या सगळ्या दिवसांपैकी सुमारे ३० टक्के दिवशी पाऊस पडला तर त्यांचे गणित बरोबर. ही परीक्षा दर दिवशी होते, म्हणून अंदाज सुधारत जातात. आजाराच्या भाकिताचा निकाल लागायला दहा-वीस वर्षे लागतात, तोवर भाकीत करणारी कंपनी राहील की नाही याचीही खात्री नसते. म्हणून ही परीक्षा मुद्दाम घडवून आणावी लागते. ‘तुमचा धोका २० टक्के’ असे ज्यांना सांगितले त्या शंभरांपैकी खरोखर वीस जण आजारी पडले का, याची नोंद कुणीतरी ठेवावी लागते.

हृदयविकाराच्या बाबतीत असे काम झाले आहे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ मध्ये ५,२०९ स्त्री-पुरुषांची नोंद सुरू झाली, त्यांच्या नियमित तपासण्या होत राहिल्या आणि त्यातून उच्च रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान ही कारणे एकेक करून पुढे आली. आज सर्वत्र वापरली जाणारी जोखमीची कोष्टके याच कामाची वंशज आहेत. पण तेच सूत्र दुसऱ्या लोकांवर जसेच्या तसे लावले, तेव्हा ब्रिटन आणि चीनमध्ये त्याने धोका फुगवून दाखवला. सूत्र चुकीचे नव्हते, ते त्या गावातल्या लोकांवर बेतलेले होते. ब्रिटनने पुढे आपल्याच रुग्णनोंदींवरून नवे सूत्र बांधले आणि त्यात वंश आणि राहत्या भागातली गरिबीही मोजली.

जनुकीय गुणांकांमध्ये हा दोष कितीतरी पटींनी मोठा आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार, अशा जनुकीय अभ्यासांत सहभागी झालेल्यांपैकी ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते, आणि जगाच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण १६ टक्के आहे. युरोपीय लोकांवर घडवलेले गुणांक दक्षिण आशियाई लोकांवर लावले की अचूकता ३७ टक्क्यांनी घटते, पूर्व आशियाई लोकांवर निम्मी होते आणि आफ्रिकी लोकांवर ७८ टक्क्यांनी घसरते. याचे एक कारण वर आलेच आहे. गुणांक शेजारी अक्षरांवर विसंबून असतो आणि वेगवेगळ्या लोकसमूहांत हे शेजार वेगळे असतात. एके ठिकाणी जे अक्षर दोषी अक्षराच्या सोबत हमखास येते, ते दुसरीकडे येतच नाही.

यातून होणारे नुकसान काल्पनिक नाही. २०१६ मध्ये हृदयाचे स्नायू जाड होण्याच्या एका आनुवंशिक विकाराबद्दल असे उघड झाले, की काही जनुकीय बदल ‘रोगकारक’ म्हणून नोंदले गेले होते आणि आफ्रिकी वंशाच्या अमेरिकन रुग्णांना त्या आधारे चुकीचे अहवाल दिले गेले होते. त्यांतले कित्येक बदल निरोगी आफ्रिकी वंशाच्या लोकांमध्ये सर्रास आढळतात. मूळ तुलनेत अशा निरोगी लोकांची थोडीशी संख्या जरी घेतली असती, तरी ही चूक टळली असती. हृदयविकाराचे असे निदान केवळ त्या रुग्णापुरते राहत नाही, घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या त्यावरून ठरतात.

सगळ्या लोकसमूहांना अभ्यासात आणायला हवे असे म्हटले, की त्याकडे न्यायाची किंवा सौजन्याची मागणी म्हणून पाहिले जाते. ती न्यायाची मागणी आहेच, पण शास्त्राची गरजही आहे. पीसीएसके-९ या जनुकाची कथा पाहा. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की आफ्रिकी वंशाच्या सुमारे २.६ टक्के अमेरिकन सहभागींमध्ये हे जनुक अर्धवट निकामी होते. त्यांचे घातक कोलेस्टेरॉल २८ टक्क्यांनी कमी होते आणि हृदयधमनीविकाराचा धोका तब्बल ८८ टक्क्यांनी. निसर्गाने आयुष्यभर चालवलेला हा प्रयोग समोर ठेवून औषधे बनवली गेली आणि २०१५ मध्ये त्यांना मान्यता मिळाली. आज ती सगळ्या वंशांचे रुग्ण घेतात. ते लोक अभ्यासाबाहेर ठेवले असते तर हा दरवाजा उघडायला किती उशीर झाला असता?

वंश सारखा असला की काम भागले, असेही समजू नये. एकाच वंशाच्या लोकांमध्येसुद्धा वय, लिंग आणि सामाजिक स्थिती बदलली की गुणांकाची अचूकता बदलते, हे २०२० मध्ये दाखवले गेले आहे. यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या आरोग्य आणि जनुकांच्या माहितीच्या साठ्यात ४० ते ६९ वयाचे पाच लाख लोक आहेत आणि जगभरचे संशोधन त्या साठ्यावर उभे आहे. मात्र बोलावलेल्यांपैकी फक्त साडेपाच टक्के लोक तिथे आले. आलेले लोक देशातल्या इतरांपेक्षा सरासरीने जास्त निरोगी, कमी धूम्रपान करणारे आणि बऱ्या परिस्थितीतले होते. ज्यांना आजार लवकर आणि जोरात गाठतो, ते लोक अशा साठ्यांत कमी पडतात.

आता भले होण्याच्या पुराव्याकडे वळू. धोका कळला की माणूस सुधारेल, अशी या सगळ्या व्यवसायामागची श्रद्धा आहे. २०१६ मध्ये १८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. जनुकीय धोका सांगितल्यामुळे धूम्रपान, आहार, व्यायाम यांत जवळपास काहीच फरक पडत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी अमेरिकेत २०३ लोकांवर झालेल्या एका चाचणीत मात्र फायदा दिसला. ज्यांना जनुकीय धोका सांगितला त्यांचे घातक कोलेस्टेरॉल सहा महिन्यांनी इतरांपेक्षा कमी होते. तपशील पाहिला तर आहारात आणि व्यायामात फरक नव्हता. फरक पडला तो कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्या जास्त लोकांनी सुरू केल्यामुळे. माझ्या मते यातून एक उपयोगी धडा मिळतो: भाकीत लागू पडते ते हाताशी ठोस उपाय असतो आणि तो देणारा डॉक्टर जवळ असतो तेव्हा. नुसता अहवाल टपालाने किंवा मोबाइलवर धाडून काही साधत नाही.

टाइप-१ मधुमेहाचे काम मला या बाबतीत आदर्श वाटते. जनुकांवरून कोणत्या मुलांकडे लक्ष ठेवायचे ते ठरते. मग रक्तात स्वादुपिंडाच्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडे तयार होतात का, ते पाहिले जाते. दोन किंवा अधिक प्रकारची प्रतिपिंडे आढळलेल्या मुलांपैकी सुमारे ७० टक्के मुलांना दहा वर्षांत मधुमेह होतो. असे लक्ष ठेवलेल्या मुलांचे निदान लवकर होते आणि रक्तात आम्ल साचून जीवावर बेतण्याची वेळ त्यांच्यावर कितीतरी कमी येते. शिवाय आता उपायही आहे. टेप्लिझुमॅब या औषधाला अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली आणि चाचणीत त्याने आजाराची सुरुवात सुमारे दोन वर्षांनी पुढे ढकलली. लहान मुलाला इन्सुलिनशिवाय आणखी दोन वर्षे मिळणे म्हणजे काय, हे त्याच्या आईवडिलांना विचारावे. इथे जनुके, रक्ततपासणी, संख्याशास्त्र आणि औषध हे सगळे एका साखळीत बसले आहे आणि साखळीची प्रत्येक कडी वेगळी तपासली गेली आहे.

आजार कुणाला होईल यापेक्षा झालेला आजार कसा वाढेल, या प्रश्नावर जनुकशास्त्राने जास्त शक्ती लावावी असे मला वाटते. रुग्ण डॉक्टरांना पहिला प्रश्न तोच विचारतो. आणि हे दोन प्रश्न एकच नाहीत, हे आता स्पष्ट होत आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचा धोका वाढवणारे दोनशेहून जास्त जनुकीय फरक माहीत आहेत आणि ते मुख्यतः रोगप्रतिकार यंत्रणेशी निगडित आहेत. २०२३ मध्ये १२ हजारांहून जास्त रुग्णांच्या अभ्यासातून आजाराच्या तीव्रतेशी संबंधित एक फरक प्रथमच सापडला. तो मेंदू आणि मज्जासंस्थेत काम करणाऱ्या जनुकांच्या परिसरात होता. आई आणि वडील दोघांकडूनही तो मिळालेल्या रुग्णांना चालण्यासाठी आधाराची गरज सरासरी ३.७ वर्षे आधी लागते. आजार सुरू करणारी यंत्रणा वेगळी आणि तो पुढे नेणारी वेगळी, असे यातून सुचते. तसे असेल तर सुरुवात रोखणारी औषधे प्रगती रोखायला पुरणार नाहीत, आणि प्रगती रोखणारी औषधे कुठे शोधायची याची दिशाही मिळते.

हंटिंग्टनमध्येही असेच घडले. सी-ए-जीची लांबी लक्षणे कोणत्या वयात दिसतील याचा निम्म्याहून जास्त भाग समजावते, सगळा नाही. उरलेला भाग शोधताना २०१५ नंतर डीएनएची दुरुस्ती करणारी जनुके पुढे आली. मेंदूच्या पेशींमध्ये ही तीन अक्षरांची माळ आयुष्यभर लांबत जाते आणि दुरुस्तीची यंत्रणा तो वेग वाढवते किंवा कमी करते, असे दिसते. औषधांचा शोध आता तिकडेही वळला आहे. मात्र याच ठिकाणी सावधही राहायला हवे. हजारो रुग्णांच्या सरासरीतून निघालेले सूत्र संशोधनाला आणि औषधांच्या चाचण्या आखायला उत्तम असते. समोर बसलेल्या एका माणसाला ‘तुम्हाला बेचाळिसाव्या वर्षी लक्षणे दिसतील’ असे सांगायला ते पुरत नाही. सारखीच लांबी असलेल्या दोघांत दहा-वीस वर्षांचे अंतर पडू शकते.

माझ्या म्हणण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप स्वातंत्र्याचा आहे. माझी जनुके माझी आहेत, मला काय कळावे हे ठरवणारे तुम्ही कोण? डॉक्टरांनी रुग्णापासून गोष्टी लपवण्याचा जुना इतिहास पाहता या आक्षेपाबद्दल मला आदर आहे. आपल्या डीएनएची अक्षरे मागण्याचा हक्क प्रत्येकाला असलाच पाहिजे. पण अहवालात येणारा जोखमीचा आकडा ही ती अक्षरे नव्हेत. तो कुणीतरी निवडलेल्या साठ्यावर, कुणीतरी ठरवलेल्या वजनांनी केलेला हिशेब आहे. अमेरिकेतल्या मोठ्या साठ्यावर हृदयधमनीविकाराचे ४८ वेगवेगळे गुणांक लावून पाहिले तेव्हा समूहपातळीवर बहुतेकांची कामगिरी सारखीच निघाली. व्यक्तीच्या पातळीवर मात्र साधारण पाचांतला एक माणूस एका गुणांकानुसार सर्वाधिक धोक्याच्या पाच टक्क्यांत बसत होता आणि दुसऱ्यानुसार सर्वांत कमी धोक्याच्या पाच टक्क्यांत. डीएनए तोच, माणूस तोच. अशा वेळी ‘स्वतःबद्दलची माहिती मिळवण्याचा हक्क’ या नावाखाली विकले जाते ते दुसऱ्याचे एक मत असते, आणि मत विकणाऱ्याकडून पुरावा मागण्याने कुणाच्याही स्वातंत्र्यावर गदा येत नाही.

जाणून घेण्याच्या हक्काइतकाच न जाणण्याचा हक्कही खरा आहे. हंटिंग्टनची चाचणी येण्याआधी धोक्यातल्या बहुसंख्य लोकांनी आपण ती करून घेऊ असे सांगितले होते. प्रत्यक्षात ती आल्यावर वीस टक्क्यांहून कमी लोक पुढे आले. डीएनएच्या रचनेच्या शोधातले भागीदार जेम्स वॉटसन यांचा संपूर्ण जनुकसंच २००७ मध्ये वाचला गेला, तेव्हा अल्झायमरचा धोका सांगणारे एपीओई जनुक वगळावे अशी विनंती त्यांनी केली. आणि इथे एकाचा निर्णय एकापुरता राहत नाही. आजोबांना हंटिंग्टन होता, वडिलांनी चाचणी करायची नाही असे ठरवले आहे, आणि नातीने ती केली व सकारात्मक आली, तर त्या क्षणी वडिलांचेही निदान झाले. त्यांनी ते मागितलेले नव्हते. म्हणूनच हंटिंग्टनच्या केंद्रांमध्ये रक्त घेण्याआधी समुपदेशनाच्या बैठका होतात. हृदयविकाराचा किंवा स्मृतिभ्रंशाचा गुणांक विकताना एकही बैठक का लागत नाही, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही.

आकडा आणखी कुणाच्या हाती जातो, हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेच्या २००८ च्या कायद्याने आरोग्य विमा आणि नोकरी यांत जनुकीय भेदभावाला बंदी घातली. आयुर्विमा, अपंगत्व विमा आणि दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा मात्र त्याबाहेर राहिले. नेमका हाच विमा अल्झायमरचा धोका असणाऱ्याला सर्वांत जास्त लागतो. कॅनडाचा २०१७ चा कायदा अधिक व्यापक आहे आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो उचलून धरला. दुसरीकडे घरोघरी जनुकीय चाचण्या पोचवणाऱ्या २३अँडमी या कंपनीतून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. लाखो कुटुंबांची माहिती ही तिच्या विक्रीयोग्य मालमत्तेचा भाग ठरली. ज्यांनी कधी नमुना दिलाच नाही, अशा भावंडांबद्दल आणि मुलांबद्दलही त्या साठ्यातून पुष्कळ काही कळते.

तेव्हा नियामकांकडे माझी मागणी अशी आहे. जोखमीचा गुणांक रुग्णाला देण्याआधी त्याची नोंदणी व्हावी, औषधाच्या चाचणीची होते तशी. प्रत्येक अहवालात ‘दुप्पट’, ‘तिप्पट’ याऐवजी पुढच्या दहा वर्षांत शंभरांतल्या किती जणांना आजार होतो हे लिहावे. हा गुणांक ज्या लोकांवर तपासला त्यांत तुमच्यासारखे लोक होते का, हे मोठ्या अक्षरांत छापावे. नसतील, तर गुणांक देऊच नये. देणाऱ्याने वर्षानुवर्षे निकालांची नोंद ठेवावी आणि ती खुली करावी. यामुळे काही उत्पादने उशिरा येतील आणि काही येणारच नाहीत. ती किंमत मला मान्य आहे, कारण औषधांच्या बाबतीत आपण ती कधीच मान्य केली आहे.

आणि एखाद्या देशाच्या आरोग्यव्यवस्थेला जनुकशास्त्राचा लाभ उद्याच लोकांपर्यंत न्यायचा असेल, तर नव्या गुणांकासाठी थांबण्याचीही गरज नाही. आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉलचा विकार जगात साधारण अडीचशेंत एकाला असतो. बहुतेकांना त्याचा पत्ताच नसतो आणि उपचार झाले नाहीत तर हृदयविकाराचा झटका ऐन उमेदीत येतो. एक रुग्ण सापडला की त्याच्या प्रत्येक भावंडाला आणि मुलाला तो असण्याची शक्यता निम्मी असते. जनुकीय चाचणीचे उत्तर सहसा स्पष्ट मिळते आणि गुणकारी गोळ्या कित्येक दशकांपासून उपलब्ध आहेत. नेदरलँड्सने १९९४ पासून सुमारे वीस वर्षे घरोघर माग काढत अशी हजारो माणसे शोधली आणि त्यांच्यावर उपचार सुरू केले. बहुजनुकीय भाकितांवर आज ओतल्या जाणाऱ्या पैशाचा एक वाटा आधी या कामाकडे वळवला, तर वाचणारी माणसे पहिल्या वर्षापासून मोजता येतील.